झारेंबासाहेबांची शीव

भोर, जुलै १९४८

प्रिय अमजद,

अनेक दुवा. तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिल्याला मी उत्तर दिलं नाही म्हणून दुसऱ्यात तू रुसलास, तेही वाचलं. रुस बाबा, रुस. पण ‘जुलेखाला आणि नजमाला ताबडतोब कराचीला पाठवून द्या, आणि तुम्ही दोघंही या’ एवढं एका ओळीत लिहून मोकळं व्हायला तुझं काय जातंय? ती ओळ इथं कुणाला वाचून दाखवायची, कुणापासून लपवायची, हे मला बघावं लागतं. माझं म्हणणं तुला पहिल्यापासून ठाऊक आहे. सून आणि नात या घरातून हलणार नाहीत, तूच परत ये. तू गेलास त्या दिवसापासून मी हेच धरून बसलोय. तुझी अम्मी म्हणते, संस्थानाबरोबर तुमची कचेरी बुडाली तरी तुम्ही घरात कचेरी चालवताय, नुसत्या तारखा पडतात आणि निकाल काही लागत नाही. आज मात्र निकाल देणार आहे. पण त्याआधी तुला झारेंबासाहेबांची खबर द्यायचीय. ती ऐकल्याशिवाय निकाल कळायचा नाही, तेव्हा पानं उलटून शेवट वाचू नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे.

साहेब गेल्या संक्रांतीच्या सुमारास इथं येऊन गेले. मी तुला कळवलं नाही, कारण काय कळवावं तेच उमजत नव्हतं. तुझ्या मनात साहेब अजून पहिल्या भेटीतलेच असणार. लढाई चालू होती, तू पुण्याच्या लॉ कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुट्टीला आला होतास, आणि आमचे न्यायाधीशसाहेब पाचगणीहून येताना त्या उंच, घामाघूम झालेल्या गोऱ्या माणसाला गाडीतून घेऊन आले. मी म्हटलं, हा कोण इंग्रज? तर इंग्रज नाही, पोलंडचा. मुंबईच्या त्यांच्या वकिलातीत अधिकारी. लढाईत देशोधडीला लागलेल्या त्यांच्या बायकामुलांची वळिवड्याला आणि पाचगणीला सोय लावलेली, त्यांची देखरेख यांच्याकडं. डॉक्टर लुडविक झारेंबा. आपल्या वेल्हे खोऱ्यातल्या माणसांना ते नाव मुळीच परकं वाटलं नाही. गेनबा, सोनबा, तसा झारेंबा. तू हसून हसून लाल झालास आणि साहेबांना ते समजावून सांगितलंस, तर ते तुझ्याहून जास्त हसले.

त्या सुट्टीत तू त्यांचा दुभाषा झालास आणि माझ्या हातून गेलास, असं मी तुझ्या अम्मीला नेहमी म्हणतो. काय ती तुझी भक्ती! जेवताना साहेब, झोपताना साहेब. ते ल्वूफ नावाच्या शहरात कायदा शिकवत होते (ते नाव मला अजून नीट म्हणता येत नाही), त्यांनी गावांच्या आणि देशांच्या सीमांवर मोठा ग्रंथ लिहिला, पहिल्या लढाईनंतर त्यांचा देश पुन्हा नकाशावर आला तेव्हा सरकारनं त्या तरुण पंडिताला बोलावून सरहद्द आखायच्या मंडळावर घेतलं, मग परराष्ट्र खातं, मग देशोदेशीच्या वकिलाती. तू हे सांगताना तुझे डोळे असे लकाकायचे की मला भीती वाटायची. माझा हिशेब साधा होता. मुलगा वकील होईल, भोरात नाहीतर वाईला पाटी लावील, संध्याकाळी घरी येईल. साहेबांनी तो हिशेब उधळला. नव्या देशाला माणसं लागतात, हे वाक्य तू त्यांच्याकडूनच उचललंस. गेल्या साली निघताना दारात उभा राहून तू तेच मला ऐकवलंस.

साहेब भोरला आले होते ते मात्र आमच्या एका दाव्यापायी. वरची वाडी आणि खालची वाडी, मधला डोंगरउतार कुणाचा यावर दोन पिढ्या डोकी फुटत होती. शिवेचे दगड पुरात गेलेले, नकाशा एक सांगतो आणि जमीन दुसरंच. शेवटी दोन्ही वाड्यांनी लिहून दिलं की आम्हांला कचेरीचा निकाल नको, जुन्या रिवाजाप्रमाणं शीव चालू द्या. दोन्हीकडं मान्य असलेल्या एका माणसानं मातीची पाटी डोक्यावर घ्यायची, देवापुढं शपथ घ्यायची आणि अनवाणी चालायचं. जिथं पाऊल पडेल ती शीव. मग पुढची सुगी येईपर्यंत त्या माणसानं दोन्हींपैकी कुठल्याच वाडीत पाय ठेवायचा नाही, तिथलं अन्नपाणी घ्यायचं नाही, शिवेवरच खोपट घालून राहायचं. तेवढ्या मुदतीत त्याच्या घरात विघ्न आलं नाही आणि त्यानं नेम मोडला नाही, तर शीव खरी. हे ऐकून साहेब अक्षरशः टाळ्या वाजवत उठले. युरोपात हे तीनशे वर्षांपूर्वी बुडालं, ते तुमच्याकडं जिवंत आहे, म्हणाले.

आणि माणूस कोण निवडला, तर अंबूबाई! वरच्या वाडीची माहेरवाशीण, खालच्या वाडीची सून. वरचे म्हणाले, आमचीच पोर आहे, आमच्या बाजूनं चालेल. खालचे म्हणाले, आमच्या घरची लक्ष्मी आहे, जाईल कुठं? दोन्ही वाड्या मनातल्या मनात पेढे खाऊन बसल्या. तू मला हळूच म्हणालास, अब्बा, ही बाई आता दोन्हीकडच्या शिव्या खाणार. झालंही तसंच. ती सरळ ओढ्याच्या पाणलोटानं चालत गेली, अर्धा उतार इकडं, अर्धा तिकडं. कुणाचं तोंड बघितलं नाही. साहेब हॅट काढून तिच्या मागं मागं, काट्यांतून, धापा टाकत. खाली उतरल्यावर त्यांनी तुझ्या तोंडून तिला विचारलं की आता तुम्ही कुठल्या गावच्या? ती म्हणाली, म्या आता बांधावरली, बांधावरचं गवात दोनी गावची गुरं खात्यात, मला कोन इचारतंय! साहेबांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं होतं.

पुढचं तुला आठवतच असेल, पण मला ते लिहायचंच आहे. सुगी अजून लांब होती आणि तिची लेक वरच्या वाडीत, मामाच्याच घरात दिलेली, बाळंतपणात अडली. निरोप आला तेव्हा अंबूबाई खोपटाबाहेर शेणी थापत होती. तशीच उठली. खालच्या वाडीचे लोक आडवे आले, नेम मोडतोय म्हणून ओरडले. ती म्हणाली, शीव जाऊ द्या खड्ड्यात, माजी लेक मरतीया. आणि भर दुपारी सगळ्यांच्या देखत वरच्या वाडीत गेली. लेक वाचली, पोरगंही वाचलं. शीव मात्र बाद झाली. तो बाद केल्याचा हुकूम माझ्याच हातचा आहे, मीच लिहिला, शिरस्तेदार म्हणून. साहेब पुढच्या खेपेला आले, आपल्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि किती हळहळले! एवढी चोख शीव, म्हणाले, आणि एका बाळंतपणासाठी मोडली. तुझी अम्मी दाराआड होती. तिथूनच कडाडली, यांच्या घरात कुणी बाळंत होत नाही वाटतं! साहेबांनी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? तू म्हणालास, चहा आणखी हवा का, असं विचारतायत. गुलामा, तेव्हाच मी ओळखलं की तू वकिलातीत चालशील.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगतो. लढाई संपली आणि साहेबांचं सरकार गेलं. म्हणजे लंडनात बसलेलं त्यांचं सरकार इंग्रजांनी मानायचं सोडलं आणि वॉर्साच्या नव्या सरकारला मानलं. एका दिवसात साहेबांची खुर्ची गेली, शिक्का गेला. ते पाचगणीला पोरांना शिकवायला जाऊन राहिले, इथपर्यंत तुला माहीत आहे. त्यांची बायको हेलेना ल्वूफलाच अडकली होती, हेही माहीत आहे. पण ते शहरच नव्या सरहद्दीपलीकडं गेलं, दुसऱ्या देशात. तिथल्या त्यांच्या माणसांना गाड्यांत भरून पश्चिमेला कुठल्याशा परक्या गावात नेऊन सोडलं. हेलेनाबाईंना तिथं एक खोली मिळाली, ज्यांची होती त्यांनाही कुणीतरी हाकललेलं. तिथून त्यांनी साहेबांना लिहिलं, या. नव्या सरकारनंही लिहिलं, या, कॉलेजात कायदा शिकवायला माणसं हवीत, पासपोर्ट देतो. साहेबांनी तो घेतला नाही. ज्या सरकारला मी कायदेशीर मानत नाही त्याचा शिक्का घेऊन घरी गेलो, तर माझी सगळी हयात खोटी ठरते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बायकोला लिहिलं, तूच इकडं ये. तिला निघायला कुणी परवाना देईना. ती लिहायची तुम्ही या, हे लिहायचे तू ये. दोन हिवाळे असे गेले, अमजद. तू माझा मुलगा आहेस, तुला यात आणखी काय दिसतं ते मी वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या हिवाळ्यात हेलेनाबाई न्यूमोनियानं गेल्या. खोलीत कोळसा नव्हता म्हणे.

ही खबर घेऊन साहेब संक्रांतीच्या सुमारास आले. मी ओळखलंच नाही आधी. हॅट तीच, आत माणूस दुसरा. अम्मीनं तिळगूळ पुढं केला, तो त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवला. मग मला म्हणाले, शिरस्तेदार, मी तरुणपणी एक शीव चाललो होतो. सरहद्द मंडळावर असताना मी एका खेड्याच्या मधून रेघ नेली, चर्च एका देशात, विहीर दुसऱ्या देशात. नकाशावर ती चोख होती. त्या बायका रडत आल्या होत्या, मी त्यांना नियम समजावून सांगितला. आणि आता मुदतीत माझ्या घरात विघ्न आलं, माझं गावच रेघेपलीकडं गेलं, बायको गेली. तुमच्या रिवाजाप्रमाणं माझी शीव खोटी, होय ना? एवढा पंडित माणूस, ग्रंथ लिहिलेला, आणि वेल्ह्याच्या वाडीचा नेम स्वतःला लावून घेऊन माझ्यापुढं आरोपीसारखा बसला. छे छे, असं नसतं साहेब, असं मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं खरं. जन्म कचेरीत गेला, पण या माणसाला काय सांगावं ते मला कुठल्याही कलमात सापडेना.

त्यांना अंबूबाईला भेटायचं होतं. बैलगाडीनं गेलो. ती आता खालच्या वाडीत, लेकाकडं असते, आणि दावा अजून तसाच पडलाय. तिनं साहेबांना ओळखलं, ताक दिलं. साहेबांनी हॅट काढली आणि मला सांगितलं, यांना म्हणावं, तुम्ही बरोबर केलंत, मी चुकीचं बोललो होतो. मी ते सांगितलं, हेलेनाबाई गेल्याचंही सांगितलं. अंबूबाई पीठ चाळत होती, ती थांबली. मग ती म्हणाली, आरं माज्या द्येवा, बाई गेली व्हय? आन् सायेब इतका येळ हितं काय करीत व्हतं? टोमणा नव्हता त्यात, अमजद. तिला खरंच कळेना म्हणून तिनं विचारलं. साहेब माझ्याकडं बघायला लागले. तू जसं त्या दिवशी अम्मीचं बोलणं गिळलंस, तसं मीही हे गिळलं. पण त्यांना भाषांतराची गरज नव्हती. ते खाली बसले आणि रडले. अंबूबाई उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जशी नातवाच्या फिरवेल तशी, आणि तिच्या हाताचं पीठ त्यांच्या काळ्या कोटाला लागलं. पाचगणीची शेवटची मुलं बोटीवर चढली तेव्हा साहेबही त्यांच्याबरोबर गेले. कुठं, ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

त्यानंतर मार्चात आपलं संस्थान विलीन झालं. माझाही शिक्का गेला बघ. साहेबांचं सरकार एका दिवसात गेलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. आपलं गेलं त्या दिवशी मी कचेरीतून घरी आलो, हातपाय धुतले आणि जेवलो. एवढंच असतं ते. वाड्यांचा दावा आता पुण्याच्या कलेक्टराकडं जाणार. मी मात्र घरात माझा हेका चालूच ठेवला. तूच ये. अम्मी रडली, तूच ये. जुलेखानं एकदा भाकरी करता करता न बघता विचारलं, अब्बा, मी माझ्या नवऱ्याकडं कधी जाणार? मी म्हटलं, तो येणार आहे. त्या दिवसापासून माझ्या ताटात वाढताना तिचा हात कसा थांबायला लागला ते मला दिसायचं. गावात कुणी काही म्हणत नाही आपल्याला, ते तुला माहीत आहे. तीच माणसं, तोच बाजार, शेजारचे आनंदराव अजून रोज पेपर वाचायला ओट्यावर येतात.

गेल्या आठवड्यात त्यांनीच वाचून दाखवलं. आता पाकिस्तानातून इकडं यायला परवाना लागणार. आनंदराव पेपर घडी करून म्हणाले, मास्तर, अमजद आता कसा येणार हो? (ते मला अजून मास्तर म्हणतात, का ते देव जाणे.) तू नव्या सरकारचा नोकर, तुला इथं परत राहायला कोण परवाना देणार? आज इकडून दार लागलं, उद्या तिकडूनही लागेल, दोन्ही बाजूंनी कड्या बसतील. मग मी इथून लिहीन तू ये, तू तिथून लिहिशील पाठवा, आणि तुझी लेक मोठी होईल. आनंदराव गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. आत तुझी अम्मी कुणाशी तरी बोलत होती, आणि मला सारखं एकच ऐकू येत होतं, सायेब इतका येळ हितं काय करीत व्हतं? उठलो, आत गेलो आणि जुलेखाला म्हटलं, बेटी, सामान बांध. ती पदर तोंडात कोंबून रडली, आणि मला कळलं की ही पोरगी इतके दिवस किती शहाणपणानं गप्प होती.

आम्ही दोघं येणार नाही, अमजद. त्यावर पुन्हा लिहू नकोस. माझे आईबाप इथल्या मातीत आहेत आणि तुझ्या अम्मीला भोर सोडून जुम्म्याच्या बाजाराला शिरवळला जायचं म्हटलं तरी कढ येतो. तुझ्यावर राग नाही. होता, खूप होता, या पत्रात पहिल्या पानावर थोडा सांडलाही असेल. आता नाही. हे पत्र विमानाच्या टपालानं पुढं पाठवतोय. तुझ्या हाती पडेल तेव्हा जुलेखाचे मामू तिला आणि नजमाला घेऊन मुंबईहून बोटीवर चढलेले असतील. शुक्रवारी कराचीच्या धक्क्यावर हजर राहा, तुझ्या कचेरीतल्या कामाचं निमित्त सांगू नकोस. अम्मीनं आंबेमोहोराचं गाठोडं दिलंय, ते मामूंच्या हातात असेल. नजमा तुला ओळखणार नाही. तू गेलास तेव्हा ती पाळण्यात होती, आता दुडदुडू पळते आणि अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागं लपते. तिला ओढू नकोस. खाली बस आणि आपल्या मराठीत म्हण, चल नजमा, नदीवर जाऊ. मी रोज संध्याकाळी असंच म्हणतो आणि ती बोट धरून माझ्याबरोबर नीरेवर येते. ती येईल तुझ्याकडं. मग इकडंतिकडं बघेल, नदी कुठाय म्हणून विचारेल, आणि मला शोधेल. तेव्हा तिला समुद्र दाखव, आणि तिचं बोट सोडू नकोस.

तुझाच,
अब्बा